पुरून ठेवलेलें पुस्तक

यिर्मयाच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय वर्गांत वाचून झाला म्हणजे एक प्रश्न विद्यार्थ्यांकडून बहुधा येतोच : राजानें पट जाळून टाकला, मग त्यांतील मजकूर आज आपल्या हातीं कसा? प्रश्न साधा आहे; परंतु त्याच्या उत्तराचा शोध करूं लागलें असतां ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांतील पुष्कळ पानें उलटावीं लागतात. म्हणून प्रथम त्या अध्यायाकडे लक्षपूर्वक पाहूं, आणि मग त्याच गोष्टीचा जणूं दुसरा प्रयोग जेथें झाला त्या एका दूरच्या बेटाकडे वळूं.

यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या कारकीर्दीच्या चवथ्या वर्षीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व ६०५ च्या सुमारास, यिर्मया संदेष्ट्यास आज्ञा झाली कीं, आजवर मिळालेलीं सर्व वचनें एका पटावर लिहून काढावीं. यिर्मया सांगे व बारूख शाईनें लिही. संदेष्ट्यास मंदिरांत जाण्याची मोकळीक नव्हती. म्हणून पुढील वर्षीं उपासाच्या दिवशीं बारूखानें तो पट जमलेल्या लोकांस वाचून दाखविला. बातमी सरदारांकडे गेली, सरदारांकडून राजाकडे गेली. थंडीचे दिवस होते. राजा आपल्या हिवाळ्याच्या महालांत शेगडीपुढें बसला होता. यहूदी नांवाचा सेवक तीन-चार रकाने वाची, आणि तितका भाग राजा लेखकाच्या चाकूनें कापून विस्तवांत टाकी. असें करतां करतां सगळा पट राख झाला. तिघां सरदारांनीं राजास विनविलें, पण त्यानें ऐकिलें नाहीं.

या ठिकाणीं एक बारीक गोष्ट वाचकांच्या नजरेंतून निसटते. राजा रागानें बेभान झाला होता असें तेथें लिहिलेलें नाहीं. त्याला ना भय वाटलें, ना पश्चात्ताप झाला. ऊब घेत घेत, निवांतपणें त्यानें हें काम उरकलें. वचनाचा शत्रु नेहमीं आरडाओरड करीतच येतो असें नाहीं. पुढें काय झालें? यिर्मयानें दुसरा पट घेतला, बारूख पुन्हां लिहावयास बसला, आणि पहिल्या पटांतील सर्व मजकूर तर उतरलाच, परंतु त्यांत आणखी पुष्कळ भर पडली. जाळलेलें पुस्तक पहिल्यापेक्षां मोठें होऊन परत आलें. तो महाल, ती शेगडी आणि तें यरुशलेम शहर मात्र थोड्याच वर्षांत बाबेलच्या सैन्यानें धुळीस मिळविलें.

याच अध्यायाशेजारीं पेत्राचें पहिलें पत्र ठेवून पाहावें. तें पत्र आशिया मायनरच्या निरनिराळ्या प्रांतांत पांगलेल्या, छळानें गांजलेल्या लोकांस लिहिलेलें आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायाच्या शेवटीं पेत्र गवताचा व त्याच्या फुलाचा दाखला देतो. हा दाखला त्याचा स्वतःचा नव्हे. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायांतून तो घेतलेला आहे, आणि तेथें तो परदेशीं बंदिवासांत असलेल्या इस्राएल लोकांच्या सांत्वनासाठीं आला आहे. म्हणजे एका पिढीच्या संकटांत जें वचन उपयोगी पडलें, तेंच शेंकडों वर्षांनीं दुसऱ्या पिढीच्या संकटांत पुन्हां उपयोगी पडलें. ‘टिकणें’ या शब्दाचा पवित्र शास्त्रांतील अर्थ हा असा आहे. पेटींत सुरक्षित राहिलेली वस्तु टिकली असें आपण म्हणतों. वचनाचें टिकणें त्याहून निराळें. तें कामास येत राहातें, म्हणून टिकतें.

आतां त्या बेटाकडे. शाळेच्या नकाशांत आफ्रिका खंडाच्या पूर्वेस, हिंदी महासागरांत, मादागास्कर नांवाचें एक लांबट मोठें बेट दिसेल. जगांतील मोठ्या बेटांत त्याचा चवथा क्रमांक लागतो. त्याच्या मध्यभागीं उंच पठार असून तेथें आंतानानारिव्हो ही राजधानी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें रादामा नांवाचा राजा राज्य करीत होता. हा राजा मोठा महत्त्वाकांक्षी. आपल्या लोकांनीं लिहावें-वाचावें, हुन्नर शिकावे, अशी त्याची इच्छा होती. लंडन मिशनरी सोसायटीनें १८१८ सालीं डेव्हिड जोन्स व थॉमस बेव्हन या दोन तरुण वेल्श शिक्षकांस तिकडे पाठविलें. दोघेहि वेल्स देशांतील एकाच लहान शाळेंत शिकलेले. तामाताव्ह बंदरावर त्यांनीं आपलीं कुटुंबें आणिलीं, आणि कांहीं महिन्यांतच हिंवतापानें त्या सहा माणसांपैकीं पांच मरण पावलीं. एकटा जोन्स उरला, तोहि आजारी. तो मॉरिशसला परतला, बरा झाला, आणि १८२० सालीं पुन्हां निघून राजधानीस पोहोंचला. पुढील वर्षीं डेव्हिड ग्रिफिथ्स त्यास येऊन मिळाला.

मालागासी भाषेचें लेखन तोंपर्यंत अरबी अक्षरांत, तेंहि फारच थोड्या लोकांत चालत असे. रोमन लिपी घ्यावयाची असें ठरलें तेव्हां इंग्रजी व फ्रेंच शिक्षकांत वाद पडला. राजानें निकाल दिला कीं, व्यंजनें इंग्रजी पद्धतीनें व स्वर फ्रेंच पद्धतीनें लिहावे. एका अक्षराचे पांच-पांच उच्चार त्याला पसंत नव्हते. देवनागरी लिहिणाऱ्या आपणांस त्याच्या या हट्टाचें मर्म ताबडतोब कळेल! या लहानशा निर्णयाचा पुढें मोठा उपयोग झाला. कारण जी लिपी मूल थोड्या महिन्यांत शिकतें, ती तें दुसऱ्यास घरबसल्या शिकवूंहि शकतें.

१८२६ सालीं छापखाना आला. तो चालविण्यास आलेला मुद्रक हॉव्हेंडन थोड्याच दिवसांत तापानें मरण पावला. यंत्राचे भाग पेट्यांतच राहावयाचे. पण जेम्स केमरन नांवाच्या स्कॉटिश कारागिरानें ते जुळविले, आणि १८२७ च्या आरंभीं उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांतील कांहीं ओळी छापून निघाल्या. १८२८ सालीं लूककृत शुभवर्तमान, १८३० सालीं नवा करार. जुन्या कराराचें भाषांतर व छपाई चालू होती. शाळांतून हजारों मुलें-मुली वाचावयास शिकलीं होतीं, आणि १८३१ च्या मे महिन्यांत पहिले बाप्तिस्मे झाले.

परंतु रादामा १८२८ सालींच वारला होता व त्याची राणी रानाव्हालोना ही सिंहासनावर बसली होती. तिच्याविषयीं इंग्रजी पुस्तकांतून फार कठोर लिहिलेलें आढळतें, आणि तिच्या आज्ञेनें झालेल्या गोष्टी पाहतां तें लिहिणें समजण्याजोगेंहि आहे. तथापि न्यायानें बोलावयाचें तर तिची बाजूहि ऐकली पाहिजे. पूर्वजांचा मान व राज्याच्या देवतांचें रक्षण यांवर आपलें सिंहासन उभें आहे, असा तिचा व तिच्या सल्लागारांचा समज होता. ख्रिस्ती झालेले लोक त्या देवतांपुढें नमत ना, त्यांच्या नांवानें शपथ घेत ना. शिवाय १८२९ सालीं फ्रेंच आरमारानें तामाताव्हवर तोफा डागल्या होत्या. परकीय धर्मामागून परकीय सैन्य येईल ही भीति तिला वाटली यांत आश्चर्य नाहीं. तिची चूक वेगळी होती. जें पुस्तक तिच्या प्रजेच्या मायबोलींत उतरलें होतें, तें अजून परकेंच आहे असें ती समजली.

१ मार्च १८३५. रविवारचा दिवस. राजधानीच्या पायथ्याशीं महामासिना नांवाच्या मैदानांत मोठी सभा भरविण्यांत आली. सभोंवार सैन्य उभें होतें. राणीची आज्ञा वाचण्यांत आली : यापुढें कोणीहि मालागासी मनुष्यानें ख्रिस्ती प्रार्थना करूं नये, बाप्तिस्मा घेऊं नये, सभा भरवूं नयेत, ज्यांनीं आजवर असें केलें असेल त्यांनीं ठरलेल्या मुदतींत कबुली द्यावी, पुस्तकें असतील तीं हजर करावीं. शेंकडों लोक कबुली देण्यास गेले. पुस्तकांच्या राशी जमा झाल्या. ही गोष्ट झांकून ठेवण्यासारखी नाहीं. त्या दिवशीं भिणारे पुष्कळ होते, आणि आपण तेथें असतों तर कोणत्या बाजूस उभे असतों हें छातीवर हात ठेवून सांगणें कठीण आहे. अंगणांतल्या शेगडीजवळ पेत्रानेंहि तेंच केलें होतें.

छापखान्यांतील मालागासी कामगारांस काम सोडण्याची आज्ञा झाली. जुन्या करारांतील यहेज्केलापासून पुढचा भाग व ईयोबाचा कांहीं अंश छापावयाचा राहिला होता. आतां येथें थोडें थांबण्याजोगें आहे. मिशनरी लोकांस देश सोडून जावें लागणार हें दिसत होतें. अशा वेळीं सामान बांधावें, कीं अर्धवट पुस्तक पुरें करावें? त्यांनीं पुस्तक पुरें करण्याचें ठरविलें. बेकर या मुद्रकानें स्वतः खिळे जुळविले, किचिंग या कारागिरानें दाबयंत्र ओढलें, आणि जून महिन्यांत मालागासी भाषेंतील संपूर्ण पवित्र शास्त्र छापून तयार झालें. त्याच महिन्यांत बहुतेक मिशनरी निघून गेले. जोन्स यांचें शरीर पूर्वींच खचल्यामुळें ते आधींच गेले होते. मागें राहिलेले जॉन्स व बेकर हेहि १८३६ च्या जुलैंत गेले. जातांना त्यांनीं विश्वासू लोकांच्या हातीं पुस्तकें दिलीं, आणि संपूर्ण शास्त्राच्या सुमारें सत्तर प्रती पेट्यांत घालून जमिनींत पुरून ठेवण्यांत आल्या.

त्या दिवशीं त्या मंडळीची स्थिति काय होती तें पाहा. बाप्तिस्मा झालेले लोक सुमारें दोनशें. पाळक नाहीं, देऊळ नाहीं, शाळा नाहीं. राज्यकर्ते विरुद्ध, शेजारी साशंक, घरचींच माणसें केव्हां चहाडी करतील याचा नेम नाहीं. संशयितांस तांगेना नांवाच्या विषारी फळाचें दिव्य करावें लागे : कोंबडीच्या कातडीचे तीन तुकडे गिळून वर विष प्यावयाचें, तिन्ही तुकडे ओकून पडले तर निर्दोष, नाहीं तर दोषी. अशा देशांत सत्तर पुस्तकें मातीखालीं. कोणीहि हिशेबी मनुष्य म्हणाला असता कीं, पांच वर्षांत या धर्माचें नांव उरणार नाहीं.

१८३७ च्या ऑगस्ट महिन्याच्या १४ तारखेस रासालामा नांवाच्या तरुण स्त्रीस आंबोहिपोत्सी येथें भाल्यांनीं मारण्यांत आलें. आदल्या रात्रीं तिला अशा बेड्या घातल्या होत्या कीं हातपाय वेडेवांकडे आंवळले जावे. सकाळीं ती स्तोत्रें गात निघाली. वाटेंत जेथें तिचा बाप्तिस्मा झाला होता तें प्रार्थनामंदिर लागलें. वधस्थानीं तिनें प्रार्थनेसाठीं थोडा वेळ मागितला, गुडघे टेंकले, आणि त्याच स्थितींत तिचा अंत झाला. बघ्यांत राफारालाही नांवाचा एक तरुण होता. असें शांत मरण येणार असेल तर आपणहि घरदार सोडण्यास सिद्ध आहों, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले, आणि पुढील वर्षीं तेथेंच त्याला मरण आलें. राफाराव्हाव्ही नांवाची दुसरी एक स्त्री मरणाच्या दारीं जाऊन वांचली; शहरांत मोठी आग लागल्यामुळें तिचा वध लांबणीवर पडला. पुढें ती सोबत्यांसह जंगलांतून पळून १८३८ सालीं मॉरिशसला व तेथून इंग्लंडला पोहोंचली.

आतां पुरलेल्या पुस्तकांकडे वळूं; कारण या हकीकतींतील मर्म तेथेंच आहे. तीं पुस्तकें मातींत पडून राहिलीं नाहींत. रात्रीं बाहेर निघत, वाचलीं जात, पुन्हां लपविलीं जात. पुस्तकाचीं पानें सुटीं करून वांटून घेत, म्हणजे एक सांपडलें तरी सर्व जाऊं नये. ज्याच्या वांट्यास स्तोत्रांचीं चार पानें आलीं त्यानें तीं पाठ केलीं, आणि दुसऱ्याच्या वांट्याच्या पानांशीं अदलाबदल केली. ज्यांस लिहितां येई ते हातानें नकला काढीत. जॉन बनियनचा जो ग्रंथ हरि केशवजी यांनीं १८४१ सालीं मराठींत आणिला व जो आपल्याकडे ‘यात्रिकक्रमण’ म्हणून माहीत आहे, त्याचेंहि मालागासी भाषांतर त्या दिवसांत अशाच हस्तलिखित प्रतींतून घरोघर फिरत होतें. डोंगराच्या कपारींत, भाताच्या पेवांत, जुन्या थडग्यांत सभा भरत. गाणें म्हणावयाचें तें कुजबुजत.

व्होनिझोंगो या भागांतील एक आठवण मिशनरी लेखकांनीं नोंदविली आहे. तेथील एका ख्रिस्ती कुटुंबानें आपलें पवित्र शास्त्र अशा गुहेंत ठेविलें होतें कीं जेथें देवीचे रोगी नेऊन ठेवीत. शोध करीत आलेले शिपाई गुहेच्या तोंडाशीं आले, आंत काय आहे तें त्यांस कळलें, आणि ते मागच्या मागें परतले. देवीच्या सांथीची ज्यांच्या घरच्या वडील माणसांस आठवण असेल त्यांस या युक्तीची किंमत सांगावयास नको. पण ती गुहा त्या कुटुंबासाठींहि तितकीच धोक्याची होती, हें विसरूं नये. वाचावयाचें तर तेथेंच जावें लागे.

सर्वांत मोठें संकट १८४९ सालीं आलें. त्या वर्षीं १,९०० हून अधिक लोकांस लहानमोठ्या शिक्षा झाल्या. कोणास दंड, कोणास दास्य, कोणास बेड्या. मार्चच्या २८ तारखेस अठरा जणांस मरणाची शिक्षा झाली. चौघे सरदार घराण्यांतले होते. त्यांचें रक्त सांडावयाचें नाहीं अशी रूढि असल्यामुळें त्यांस फाराव्होहित्रा येथें जिवंत जाळण्यांत आलें. उरलेल्या चौदा जणांस आंपामारिनाना नांवाच्या कड्यावरून खालीं लोटण्यांत आलें. कड्याच्या कांठावर दोरीनें लोंबकळत असतां प्रत्येकास शेवटचा प्रश्न विचारीत : प्रार्थना सोडतोस काय? त्या वेळीं तेथें रानिव्हो नांवाची एक तरुण मुलगी आणलेली होती. ती राणीच्या आवडत्या कुळांतील, म्हणून तिला वांचवावें अशी इच्छा होती. सोबती एकामागून एक खालीं पडतांना तिला पाहावयास लाविलें, म्हणजे ती भिऊन कबूल होईल. ती कबूल झाली नाहीं. शेवटीं तिला वेड लागलें आहे असें ठरवून दूर पाठवून दिलें. आपल्या वर्गांतील मुलींनीं तिचें नांव लक्षांत ठेवावें.

कित्येक भाविक माणसें येथें एक चूक करतात, ती दाखविणें भाग आहे. ‘वचनाचें सामर्थ्य’ म्हटलें कीं त्यांच्या मनांत ताईताची कल्पना येते : पुस्तक उशाशीं ठेविलें कीं आजार टळेल, खिशांत ठेविलें कीं अपघात टळेल. मादागास्करांत ताईत-गंडे पुष्कळ होते. तेथील लोकांस त्यांची नवलाई नव्हती. रासालामेच्या हातीं शास्त्र होतें, तरी भाला चुकला नाहीं. फाराव्होहित्राच्या ज्वाळा चौघांनाहि जाळून गेल्या. वचनानें त्यांचें शरीर वांचविलें असें कोणी म्हणूं नये; तसें म्हणणें त्यांच्या मरणाचा उपहास करणें होय. वचनानें केलें तें एवढेंच कीं, प्रश्न विचारला जातांच खरें उत्तर देण्यास त्यांस बळ दिलें. रोमच्या बंदिवासांतून पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत हाच भेद आहे. बेडी पौलाच्या हातांत आहे हें तो नाकारीत नाहीं. ज्या संदेशासाठीं ती पडली त्याला मात्र ती लागू नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें.

१८५३ नंतर विल्यम एलिस नांवाचे मिशनरी तीन वेळां त्या बेटास भेट देण्यास गेले. त्यांच्या संबंधानें एक गोष्ट सांगतात. दोघे मनुष्य पुष्कळ मैल पायीं चालून त्यांजकडे आले. तुमच्याजवळ पवित्र शास्त्र आहे काय, असें एलिस यांनीं विचारिलें. त्यांनीं सांगितलें कीं, आम्हीं तें पाहिलें आहे, वाचलेलें ऐकिलें आहे, पण आम्हांजवळ दावीदाचीं कांहीं वचनें मात्र आहेत, आणि तीं आमचीं एकट्याचीं नव्हेत, सर्व कुटुंबाचीं आहेत. मग वस्त्रांत गुंडाळलेलीं कांहीं पानें त्यांनीं बाहेर काढलीं. तीं धुरानें काळवंडलेलीं, कडा झिजलेलीं, हाताळून हाताळून अक्षरें पुसट झालेलीं अशीं होतीं. एलिस यांनीं त्यांस स्तोत्रसंहितेची नवी प्रत दिली, आणि तिच्याबरोबर इतर पुस्तकेंहि दिलीं.

आमच्या घरांतील कपाटांत पवित्र शास्त्र बहुधा कोरें करकरीत असतें. पालकांस राग येऊं नये, पण शिक्षकास ही गोष्ट दिसते. मराठी शास्त्राचा इतिहासहि कांहीं सुखाचा नाहीं. मराठी नवा करार १८११ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें कॅरी यांच्या छापखान्यांतून निघाला, आणि पुढल्याच वर्षीं, ११ मार्च १८१२ रोजीं, त्या छापखान्यास आग लागून कागद, खिळे व कित्येक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळून गेलीं. त्या लोकांनीं वितळलेलें शिसें राखेंतून गोळा करून पुन्हां खिळे ओतले. बारूखाची लेखणी पुन्हां शाईंत बुडाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मालागासी मंडळी कां टिकली, याचा विचार करतां कांहीं कारणें उघड दिसतात. पुस्तक लोकांच्या स्वतःच्या भाषेंत होतें. तें वाचण्यास परकीय शिक्षकाची गरज उरली नव्हती. ज्यांस वाचतां येत नव्हतें त्यांस शेजारी शिकवीत. छळाच्या काळांत नव्यानें वाचावयास शिकलेले लोकहि निघाले. मिशनरी बारा-पंधरा वर्षें तेथें राहिले, त्यांपैकीं पुष्कळ वेळ त्यांनीं अक्षरओळख शिकविण्यांत व खिळे जुळविण्यांत घालविला. त्या वेळच्या टीकाकारांस तो वेळ व्यर्थ वाटला असेल. ज्या मंडळीचा सगळा आधार एका वक्त्याच्या वाणीवर असतो, ती वक्ता गेला कीं विस्कटते. येथें वक्ता गेला आणि पुस्तक राहिलें. तथापि एवढ्यानें सर्व उलगडा होतो असें मला वाटत नाहीं. वाचतां येणारे लोक शेंकडों होते, त्यांतील पुष्कळांनीं पुस्तकें आणून हवालीं केलीं. त्याच शाळेंत, त्याच बांकावर शिकलेल्या दुसऱ्या कोणास तें पुस्तक प्राणापलीकडे वाटलें. हा फरक अक्षरओळखीनें पडत नाहीं. पेरणाऱ्याच्या दृष्टांतांत बीं एकच आहे, जमिनी निराळ्या आहेत. आणि तो दृष्टांत शिष्यांसहि उलगडून सांगावा लागला होता.

१८५७ सालीं पुन्हां छळ उसळला व कांहीं लोकांस दगडमार करून मारिलें. राणीचा पुत्र राकोतो हा मात्र आंतून या लोकांस साहाय्य करी. १८६१ च्या ऑगस्टांत राणी वारली, राकोतो हा दुसरा रादामा या नांवानें राजा झाला, आणि त्यानें धर्माची मोकळीक दिली. तुरुंग उघडले. पंचवीस वर्षें लपलेलीं माणसें राजधानीच्या रस्त्यांवर दिसूं लागलीं. मेलीं असें समजून ज्यांचा शोक झाला होता तीं घरीं परत आलीं. १८६२ सालीं एलिस राहावयास आले, तेव्हां ज्या मंडळीस दोनशें माणसांवर सोडून गेलें होतें तिच्यांत कांहीं हजार माणसें आढळलीं. तीं सर्व पाळकांवांचून वाढलेलीं होतीं.

यापुढचा इतिहास सरळ नाहीं. दुसरी रानाव्हालोना १८६८ सालीं राज्यावर आली तेव्हां राज्याभिषेकाच्या वेळीं तिच्याजवळ पवित्र शास्त्र ठेविलेलें होतें. २१ फेब्रुवारी १८६९ रोजीं तिचा व प्रधान रैनिलायारिव्होनी याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षीं राज्याच्या देवतांच्या मूर्ति जाळण्यांत आल्या. मग राणीच्या मागोमाग हजारों लोक देवळांत येऊं लागले. कोणी विश्वासानें, कोणी दरबाराच्या मर्जीसाठीं. लपून वाचणाऱ्या दोनशांची कसोटी होती, उघड्यावर आलेल्या हजारोंची ती नव्हती. आणि कोणता काळ मंडळीस अधिक कठीण गेला याविषयीं मतभेद होऊं शकतो. पुढें १८९५-९६ सालीं फ्रेंचांनीं बेट घेतलें, राजघराणें गेलें. शास्त्राच्या भाषांतराची तपासणी मात्र १८७३ पासून १८८७ पर्यंत विल्यम कझिन्स व त्यांचे मालागासी सहकारी चिकाटीनें करीत होते, आणि तें भाषांतर लोकांच्या हातीं राहिलें. लंडन मिशन व इतर दोन मिशनांच्या मंडळ्या १९६८ सालीं एकत्र होऊन एक मोठी मालागासी मंडळी झाली.

ज्या ठिकाणीं हे लोक मेले त्या ठिकाणीं एलिस यांच्या आग्रहानें दगडी देवळें उभीं करण्यांत आलीं. पहिलें १८६७ सालीं आंबातोनाकांगा येथें पुरें झालें. तेथें पूर्वीं पहिलें प्रार्थनामंदिर होतें, आणि छळाच्या दिवसांत त्याचाच तुरुंग करून ख्रिस्ती लोकांस डांबीत. दुसरें १८६८ सालीं, जेथें रासालामेनें गुडघे टेंकले तेथें. फाराव्होहित्रा येथील देवळासाठीं पैसा इंग्लंडांतील शाळकरी मुलामुलींनीं जमविला. तें १८७० सालीं पुरें झालें. कड्यावरचें देऊळ सर्वांत मागून, १८७४ सालीं झालें. रानिव्होला जेथें उभी करून खालीं पाहावयास लाविलें होतें, त्याच कड्यावर त्या वर्षापासून दर रविवारीं लोक मोठ्यानें स्तोत्रें म्हणूं लागले.